शस्त्राची ठेव आणि आर्ताचा शब्द

वाल्मीकिरामायणाच्या अरण्यकांडात एक संवाद आहे, ज्याकडे कीर्तनकारांचे आणि चित्रकारांचे लक्ष फारसे जात नाही, कारण त्यात सुवर्णमृगही नाही आणि रावणही नाही. दंडकारण्यातील ऋषींना राक्षसांपासून अभय देण्याचे वचन देऊन राम धनुष्यासह पुढे निघाला आहे, आणि सीता मोठ्या प्रेमाने, पण स्पष्ट शब्दांत, त्याला विचारते आहे की, ज्यांच्याशी आपले वैर नाही त्यांच्यावर शस्त्र उचलण्याचे प्रयोजन वल्कले नेसलेल्या माणसाला काय? आपल्या म्हणण्याच्या पुष्ट्यर्थ ती एक कथा सांगते. एका पवित्र वनात एक सत्यवचनी तपस्वी राहात होता. त्याच्या तपाला विघ्न आणावे म्हणून इंद्र सैनिकाच्या वेषाने आला आणि आपली तलवार त्याच्यापाशी ठेव म्हणून ठेवून गेला. ठेव सांभाळणे हा धर्म, म्हणून तो तपस्वी फळे-मुळे आणायला जातानाही तलवार बरोबर घेऊ लागला; नित्य सहवासाने त्याची बुद्धी हळूहळू क्रूर झाली, तप सुटले आणि अखेर तो नरकात गेला. सीतेचा आक्षेप असा की, शस्त्र हे अग्नीप्रमाणे जवळ असणाऱ्याला पालटून टाकते. हातात कोण धरतो याला जितके महत्त्व आहे तितकेच हातात काय आहे यालाही आहे.

रामाने दिलेले उत्तर थोडक्यात आहे. जगात आर्ताचा शब्द उठू नये, कोणाला ‘वाचवा’ अशी हाक मारावी लागू नये, म्हणून क्षत्रिय धनुष्य धारण करतात. आणि या वनात ती हाक उठलेली मी ऐकली आहे.

शस्त्रनियंत्रणाचा जो प्रश्न आज न्यायालयांत, विधिमंडळांत आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या दप्तरांत कलमांच्या भाषेत मांडला जातो, त्याचे मूळ मला या संवादात दिसते. सीतेचे म्हणणे मानले तर राज्याने प्रजेच्या हातातील शस्त्र काढून घ्यावे, कारण ते शस्त्र माणसाचे अंतःकरण बिघडवते. रामाचे म्हणणे मानले तर मग विचारावे लागते की, शस्त्र काढून घेतल्यानंतर आर्ताची हाक ऐकणार कोण? वाल्मीकीने या दोघांपैकी कोणालाही खोटे ठरवलेले नाही. कायद्यालाही दोघांचे ऐकावे लागते, आणि जेथे तो एकाचेच ऐकतो तेथे त्याची मर्यादा संपते, हे मला या लेखात सांगावयाचे आहे.

हा विचार मी हिंगोली जिल्ह्याच्या आधाराने करतो आहे, त्याला कारण आहे. हिंगोलीचा दसरा दीडशेहून अधिक वर्षांच्या परंपरेचा. रामलीला मैदानावर रावणदहनाला पंचक्रोशीतील माणूस लोटतो. नवमीला, म्हणजे खंडेनवमीला, घरोघर शस्त्रांची पूजा होते. ज्यांच्या घरी तलवार उरलेली नाही ते विळा, कोयता, पास आणि आता ट्रॅक्टरही पूजतात. दशमीला शमीचे पूजन होते, आणि त्यामागची विराटपर्वातील कथा सर्वांना ठाऊक असली तरी तिच्या अर्थाकडे फारसे पाहिले जात नाही. अज्ञातवासात शिरताना पांडवांनी आपली शस्त्रे विराटनगरीच्या बाहेर, स्मशानाजवळच्या शमीवर बांधली आणि कोणी जवळ फिरकू नये म्हणून तेथे एक प्रेतही टांगले. ज्या वीरांची सारी ओळख शस्त्रांवर उभी होती त्यांनी एक संपूर्ण वर्ष निःशस्त्र राहून, कोणी स्वयंपाकी तर कोणी नर्तनशिक्षक होऊन, दुसऱ्याच्या राज्यात त्याच्या कायद्याखाली काढले. ती शस्त्रे खाली उतरली ती कौरवांनी विराटाची गुरे वळवली तेव्हा, म्हणजे पुन्हा आर्ताचा शब्द उठला तेव्हा. शस्त्रपूजनाचा जो सण आपण साजरा करतो, त्याच्या पोटात शस्त्र उतरवून ठेवण्याची ही आठवण आहे. शस्त्राचे पूजन म्हणजे शस्त्राचे प्रदर्शन अशी जी समजूत अलीकडे मिरवणुकांतून दृढ होत चालली आहे, तिला या कथेत काहीही आधार नाही.

याच जिल्ह्यात नरसी हे नामदेवांचे गाव आहे आणि औंढ्याला नागनाथाचे प्राचीन देवालय आहे. नामदेवांविषयी एक आख्यायिका सांगितली जाते आणि मॅकॉलिफने शीख धर्मावरील आपल्या ग्रंथात तिची नोंद केली आहे. त्या आख्यायिकेप्रमाणे नामदेव तारुण्यात वाटमारी करणाऱ्या टोळीत होते. टोळीने चौऱ्यांशी स्वार कापून काढले होते. पुढे औंढ्याच्या देवळात एका स्त्रीचे भुकेले मूल रडताना त्यांनी पाहिले, चौकशी करता त्या मुलाचा बाप त्या स्वारांतच मारला गेल्याचे कळले, आणि तेथून त्यांचे आयुष्य पालटले. इतिहास म्हणून मी ही कथा मानीत नाही; शिंप्याच्या घरात जन्मून विठ्ठलभक्तीत वाढलेल्या नामदेवांच्या चरित्राशी ती जुळत नाही आणि मराठी परंपरेतील अनेक अभ्यासकांनी ती दूर सारली आहे. परंतु लोकमानसाने ती का रचली, आणि नेमकी औंढ्याच्या देवळातच का बसवली, याचा विचार केला म्हणजे तिच्यातही तोच शब्द ऐकू येतो. शस्त्र खाली ठेवायला लावले ते राजाच्या शिपायाने नव्हे, पोरक्या झालेल्या मुलाच्या रडण्याने.

हेच नामदेव पुढे पंजाबात गेले, घुमानला राहिले, आणि त्यांची एकसष्ट पदे शिखांच्या गुरुग्रंथसाहिबात समाविष्ट झाली. त्या ग्रंथाला गुरुपद मिळाले ते १७०८ साली, हिंगोलीच्या शेजारच्या नांदेडला, गुरू गोविंदसिंहांच्या अखेरच्या दिवसांत. म्हणजे नरसीच्या अहिंसक भक्ताची वाणी ज्या ग्रंथात आहे, त्या ग्रंथापुढे कृपाण धारण केलेला खालसा मस्तक नमवतो. वरवर पाहणाऱ्याला यात विसंगती वाटेल. मला ती वाटत नाही, कारण औरंगजेबाला लिहिलेल्या जफरनाम्यात गुरू गोविंदसिंहांनी तलवारीला हात घालण्याची मुभा दिली ती इतर सर्व उपाय थकल्यानंतरच. आणि कृपाण धारण करणाऱ्यावर नित्यपाठाची, सेवेची आणि दुर्बलाच्या रक्षणाची जी बंधने आहेत ती वगळली तर कृपाण केवळ लोखंड उरते. सीतेच्या कथेतील तपस्व्याजवळ तलवार होती, पण तलवारीचे व्रत नव्हते. म्हणून तो भ्रष्ट झाला.

आता कायद्याकडे येतो. १८७८ साली, व्हाइसरॉय लिटनच्या कारकिर्दीत, देशी वृत्तपत्रांवरील निर्बंधाचा कायदा झाला त्याच वर्षी शस्त्रांचाही कायदा झाला. त्यातील अन्याय केवळ निर्बंधाचा नव्हता. युरोपियनांना त्यातून माफी होती आणि हिंदी माणसाला परवान्याची सक्ती होती. अहिंसेचा आजन्म पुरस्कार करणाऱ्या गांधीजींनीही १९१८ साली, खेडा जिल्ह्यातील सैन्यभरतीच्या वेळी काढलेल्या पत्रकात, ब्रिटिश राज्याच्या दुष्कृत्यांत एका संबंध राष्ट्राला निःशस्त्र करणाऱ्या या कायद्याला इतिहास सर्वांत काळे कृत्य समजेल, अशा आशयाचे लिहिले होते. काँग्रेसने १९३१ साली कराचीला मूलभूत हक्कांचा जो ठराव केला, त्यात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्कही होता. अहिंसेच्या चळवळीने हा हक्क मागावा याचे आश्चर्य वाटण्याचे कारण नाही: ज्याच्या हातात शस्त्र असू शकले असते त्याने ते खाली ठेवले तर ती अहिंसा, आणि ज्याच्या हातून ते हिसकावून घेतले आहे त्याचे मुकाट बसणे ही अगतिकता, हा भेद गांधीजी जाणत होते.

हिंगोलीचा मुलूख त्या वेळी निजामाच्या राज्यात होता. येथे हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती, आणि त्या छावणीच्या बाजारात प्रतिष्ठित व्यापारी म्हणून वावरणारा हरीसिंग नावाचा इसम ठगांचा म्होरक्या निघाल्याची हकीकत, ठगांचा बंदोबस्त करणाऱ्या स्लीमनच्या काळच्या कागदपत्रांत आहे. ठगांना बंदुकीची गरज नव्हती; त्यांचे काम रुमालाने होत असे. शस्त्रांच्या कायद्याने हिंसा संपेल असे मानणाऱ्यांनी छावणीच्या सावलीत घडलेली ही गोष्ट लक्षात ठेवावी.

परंतु या मुलखाने शस्त्रप्रश्नाचे खरे, भयंकर रूप पाहिले ते १९४७–४८ मध्ये. कासीम रझवीच्या रझाकारांच्या हातात शस्त्रे होती, आणि राज्याची सत्ता त्यांना आवरण्याऐवजी पाठीशी घालीत होती. सिडनी कॉटन नावाचा ऑस्ट्रेलियन वैमानिक कराचीहून विमाने भरभरून शस्त्रे हैदराबादेत उतरवीत होता. खेड्यातील रयत मात्र निःशस्त्र. तिने ज्याच्यापुढे कैफियत मांडावी तो अंमलदार एक तर असहाय किंवा सामील. अशा वेळी राज्याचा शस्त्रकायदा मोडणे हा गुन्हा की धर्म, हा प्रश्न ग्रंथातला राहिला नाही. ज्या स्टेट काँग्रेसचे नेतृत्व स्वामी रामानंद तीर्थांसारख्या गांधीनिष्ठ संन्याशाकडे होते, तिच्या कार्यकर्त्यांनी सरहद्दीवर सशस्त्र केंद्रे उभारली. पैनगंगेपलीकडचे वऱ्हाडातील उमरखेड हे त्यांतले एक. वसमत तालुक्यातील वापटीचे बहिर्जी शिंदे हातात शस्त्र घेऊन लढताना हुतात्मा झाले. वसमतचे महाविद्यालय त्यांच्या स्मरणार्थ आहे. त्यांना कायदेभंजक म्हणण्याचे धाडस कोणी करणार नाही. ज्या राज्याने एकाच्या हातचे शस्त्र काढून दुसऱ्याच्या हातात दिले, त्या राज्याचा शस्त्रकायदा पाळण्याचे नैतिक बंधन उरत नाही, हे त्यांनी मरून दाखवले.

येथेच थांबलो तर मी अर्धेच सत्य सांगितले असे होईल. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य हैदराबादेत शिरले, १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली, आणि त्यानंतरच्या आठवड्यांत मराठवाड्याच्या कित्येक गावांतून पुन्हा आर्ताचा शब्द उठला. या वेळी तो मुसलमानांच्या घरांतून उठला. पंडित सुंदरलाल यांच्या नेतृत्वाखाली सरकारने पाठवलेल्या मंडळाने नोव्हेंबर–डिसेंबरमध्ये त्या मुलखात फिरून जी पाहणी केली, तिच्यात साऱ्या संस्थानात सैन्याच्या या ‘पोलीस कारवाई’च्या काळात व नंतर मारल्या गेलेल्यांचा अंदाज २७,००० ते ४०,००० इतका दिला आहे. तो अहवाल अनेक दशके लोकांपुढे आला नाही. कित्येक ठिकाणी मुसलमान गावकऱ्यांची शस्त्रे सैन्याने काढून घेतली आणि हिंदूंच्या हातची तशीच राहू दिली, ही त्यातील नोंद शस्त्रनियंत्रणाचा विचार करणाऱ्या प्रत्येकाने वाचण्यासारखी आहे. मुक्तिसंग्रामाचा अभिमान बाळगणाऱ्या आम्हां मराठवाड्यातील लोकांना ही नोंद वाचताना त्रास होतो, आणि व्हावाच. रझाकारांच्या राज्यात जो अधर्म झाला त्याचेच हे दुसरे रूप होते: एकतर्फी निःशस्त्रीकरण. हातातले शस्त्र राज्याच्या स्वाधीन करणारा माणूस आपला जीव राज्याकडे अमानत ठेवीत असतो. शस्त्र घेऊन जीव वाऱ्यावर सोडणे ही अमानतीत खयानत आहे, मग राज्य निजामाचे असो की आपले.

काळाचा योग असा की, सुंदरलाल मराठवाड्यात फिरत होते त्याच सुमारास, डिसेंबर १९४८ च्या आरंभी, दिल्लीला संविधान सभेत मूलभूत हक्कांची चर्चा चालली होती, आणि मध्यप्रांत-वऱ्हाडचे प्रतिनिधी ह. वि. कामत यांनी शस्त्र बाळगण्याचा हक्क त्या यादीत घालावा अशी दुरुस्ती मांडली होती. कराचीच्या ठरावाचा आधार त्यांच्या बाजूला होता. डॉ. आंबेडकरांनी ती दुरुस्ती स्वीकारली नाही. त्यांच्या उत्तराचा आशय असा होता की, परक्या सत्तेखाली केलेली मागणी स्वतंत्र राज्यात जशीच्या तशी लागू होत नाही; असा हक्क सर्वांना दिला तर सराईत गुन्हेगारालाही तो मागता येईल, आणि शस्त्रांवर राज्याचा ताबा नसेल तर सुव्यवस्थित शासन चालणे अशक्य होईल. सभेने त्यांचे मानले. अमेरिकेने १७९१ साली दुसऱ्या घटनादुरुस्तीने जो हक्क आपल्या नागरिकांना दिला आणि ज्याचा अर्थ तेथील सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली वैयक्तिक हक्क असा लावला, तो आपल्या संविधानात नाही. एवढेच नव्हे, तर सभास्वातंत्र्याच्या कलमात, म्हणजे एकोणिसाव्या अनुच्छेदात, शांततेने आणि विनाशस्त्र एकत्र जमण्याचा हक्क दिला आहे. ज्या माणसांच्या पूर्वजांना गावाच्या चावडीपुढे मान वर करून उभे राहता येत नव्हते आणि ज्यांच्या हाती शस्त्र तर दूरच, पण विहिरीचा पोहराही येऊ दिला जात नव्हता, त्यांच्या वतीने बोलणाऱ्या आंबेडकरांना ठाऊक होते की, शस्त्र बाळगण्याचा हक्क कागदावर सर्वांचा असला तरी खेड्यात तो प्रत्यक्षात सबळांचाच होतो. त्यांचा निर्णय मला योग्य वाटतो.

पण त्याच संविधानाच्या पंचविसाव्या अनुच्छेदाच्या स्पष्टीकरणात, कृपाण धारण करणे आणि बाळगणे हे शीख धर्माच्या प्रकटीकरणात समाविष्ट समजले जाईल, असे म्हटले आहे. विनाशस्त्र जमा असे सांगणारी आणि कृपाणाला संरक्षण देणारी ही दोन वाक्ये एकाच दस्तऐवजात कशी नांदतात? याचे सोपे उत्तर, की हा एका समाजाशी केलेला राजकीय तडजोडीचा व्यवहार होता, मला पुरेसे वाटत नाही. कृपाणासाठी शिखांनी ब्रिटिश अमलात दीर्घ लढा दिला होता हे खरे. परंतु संविधानाने मान्य केले ते व्रताचा भाग असलेले शस्त्र, व्रतापासून सुटलेले नव्हे, कारण तो अनुच्छेदच सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीन आहे. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली एका शीख विद्यार्थ्याला शाळेत कृपाण ठेवण्याची मुभा दिली, तीही वस्त्राच्या आत शिवून बंद ठेवण्याच्या अटीवर. आपल्याकडे १९८३ साली आनंदमार्गीयांनी त्रिशूळ, सुरा आणि कवटी घेऊन भर रस्त्यात तांडवनृत्य करण्याचा धार्मिक हक्क मागितला, तेव्हा ते त्यांच्या धर्माचे अत्यावश्यक अंग नाही असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने दिला. धर्माचे अत्यावश्यक अंग कोणते हे न्यायाधीशाने ठरवावे काय, याविषयी माझ्या मनात शंका आहे. धर्मशास्त्राचा निवाडा हा दिवाणी दाव्यासारखा करता येत नाही. मला त्याहून सरळ कसोटी दिसते ती अशी: जे शस्त्र धारकाला बांधते ते धर्माचे, आणि जे इतरांना भिववते ते सत्तेचे. पहिल्याला राज्याने हात लावू नये, आणि दुसऱ्याला धर्माचे नाव देऊन कोणी राज्यापासून लपवू नये.

ही कसोटी लावताना आपल्या जवळच्यांना वगळता येत नाही. २९ मार्च २०२१ रोजी नांदेडला, महामारीमुळे होला मोहल्ल्याच्या मिरवणुकीला परवानगी नाकारली असता, जमावाने अडथळे तोडले आणि तलवारींच्या हल्ल्यात पोलीस जखमी झाले. ज्या नगरीत गुरू गोविंदसिंहांनी देह ठेवला त्या नगरीत बंदोबस्तावरील शिपायावर उगारलेली तलवार ही खालशाच्या मर्यादेतील तलवार नव्हती. तितक्याच स्पष्टपणे हेही म्हटले पाहिजे की, रामनवमीला किंवा दसऱ्याला दुसऱ्याच्या मोहल्ल्यातून जाताना जी तलवार नाचवली जाते ती रामाच्या धनुष्याची वारस नाही. रामाचे धनुष्य आर्ताची हाक थांबवण्यासाठी होते. ही तलवार ती हाक उत्पन्न करते. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या ३७ व्या कलमाखाली सणासुदीला जे शस्त्रबंदीचे आदेश निघतात, त्यांच्याविरुद्ध श्रद्धेच्या नावाने तक्रार करणाऱ्यांनी आधी हा भेद स्वतःशी करावा.

आता राहिला परवान्याचा प्रश्न, आणि माझ्या मते खरी राजकीय मर्यादा येथे आहे. १९५९ च्या कायद्याने ब्रिटिशांचा कायदा रद्द केला, आणि त्यातील दोन तरतुदी मला फार उदात्त वाटतात. अर्जदाराजवळ पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येणार नाही, असे त्यातील चौदावे कलम सांगते. आणि पिकाच्या खऱ्याखुऱ्या रक्षणासाठी ठासणीची बंदूक हवी असेल तर तिचा परवाना देण्याची तरतूद तेराव्या कलमात आहे. म्हणजे कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे दरबारी मनसबदार नव्हता, रानडुकरांनी आणि रोह्यांनी उभे पीक लोळवलेला शेतकरी होता. सेनगाव-कळमनुरीच्या रानात रात्री जागल करणाऱ्या शेतकऱ्याला विचारा; त्याच्या दृष्टीने आर्ताचा शब्द तो हाच. वन्य प्राण्यांच्या रक्षणाचा कायदा वेगळा आहे आणि तोही आवश्यक आहे, म्हणून प्रत्येक धुऱ्यावर बंदूक असावी असे मी म्हणत नाही. पण त्याच्या अर्जाचा निवाडा मुदतीत व्हावा, पिकाची भरपाई वेळेवर मिळावी, एवढे राज्य देणे लागते.

व्यवहारात काय झाले? परवाना ही गरजेची नोंद न राहता प्रतिष्ठेची सनद झाली. कमरेचे पिस्तूल लोकांना दिसेल असे ठेवणारा पुढारी, ठेकेदार, वाळूचा व्यापारी हा मराठवाड्याच्या तालुक्यातालुक्यांतून दिसणारा नमुना आहे. बीड जिल्ह्यात डिसेंबर २०२४ मध्ये एका सरपंचाची अमानुष हत्या झाली, तेव्हा कोठे त्या जिल्ह्यातील परवान्यांची फेरतपासणी झाली आणि शंभराहून अधिक परवाने रद्द करण्यात आले. मग हे परवाने दिले कसे गेले आणि इतकी वर्षे चालले कसे, याचे उत्तर कोणत्याही कलमात सापडणार नाही. ते सत्तेच्या शेजारधर्मात आहे. २०१९ साली केंद्राने कायद्यात दुरुस्ती आणली तेव्हा एका माणसाजवळ तीनऐवजी एकच अग्निशस्त्र असावे असा मूळ प्रस्ताव होता. संसदेत आक्षेप आले, वडिलोपार्जित बंदुकांच्या भावनेचा उल्लेख झाला, आणि अखेर मर्यादा दोनवर स्थिरावली. आनंदाच्या भरात गोळीबार करणे हा स्वतंत्र गुन्हा त्याच दुरुस्तीने ठरवला, हे उत्तम झाले. परंतु एकावरून दोनवर येण्यात जो अर्धा तास संसदेचा गेला असेल, त्यात पिढीजात मानाचा शब्द ऐकला गेला. आर्ताचा ऐकला गेला असे मला वाटत नाही.

राज्याच्या अतिरेकालाही सीमा आहे आणि ती न्यायालयांनी दाखवून दिली आहे. निवडणूक आली की सर्व परवानाधारकांची शस्त्रे सरसकट ठाण्यात जमा करून घेण्याची जी पद्धत होती, तिच्याबाबत मुंबई उच्च न्यायालयाने २००९ साली गोव्यातील एका प्रकरणात प्रत्येक परवान्याची स्वतंत्र छाननी आवश्यक ठरवली. यात तत्त्व मोठे आहे. राज्याने प्रत्येक माणसाकडे माणूस म्हणून पाहून निर्णय करावा. जातीवरून, मोहल्ल्यावरून किंवा पक्षावरून नव्हे. १९४८ साली हे तत्त्व पाळले गेले असते तर किती जीव वाचले असते! आणि उलट बाजूने, १९९३ साली अलाहाबाद उच्च न्यायालयातील एका निकालाने अग्निशस्त्राचा परवाना हा जीविताच्या हक्काचाच भाग मानला होता, तो १९९५ साली तेथील पूर्ण पीठाने मोडीत काढला, तेही योग्यच झाले. जीविताचा हक्क शस्त्राने नव्हे तर राज्याच्या तत्परतेने राखला जावा, असेच आपले संविधान मानते. आणि ती तत्परता जेथे नाही तेथे नागरिकाला शस्त्रापासून दूर ठेवण्याचा कायद्याचा अधिकार दुबळा पडतो, हेही ओघाने आले. रात्री दोन वाजता दूरच्या वाडीवरून आलेला दूरध्वनी ठाण्यात कोणी उचलतो की नाही, फिर्याद द्यायला आलेल्या पारध्याच्या बाईला बाहेर ताटकळत ठेवले जाते की आत बोलावले जाते, यावर शस्त्रकायद्याचे नैतिक बळ अवलंबून आहे.

म्हणून माझे म्हणणे असे आहे. खालशाच्या कृपाणाला हात लावू नये. खंडेनवमीच्या पाटावरील वडिलोपार्जित तलवारीला भिऊ नये, पण ती पाटावरून रस्त्यावर आली की तिचा मुलाहिजा कोणत्याही सरकारने ठेवू नये, मग ती कोणत्याही झेंड्याखाली असो. शेतकऱ्याचा अर्ज धूळ खात पडू नये, आणि पुढाऱ्याचा अर्ज रातोरात निकालात निघू नये. जिल्हादंडाधिकाऱ्यांनी आपल्या जिल्ह्यातील परवान्यांची वर्षाकाठी एकदा, हत्या होण्याची वाट न पाहता, फेरतपासणी करावी, आणि कोणत्या कारणासाठी किती परवाने चालू आहेत याचा गोषवारा, नावे वगळून, लोकांपुढे ठेवावा. आणि ज्यांच्या घरी परवान्याचे पिस्तूल आहे, ज्यांच्या जिवाला धोका उरलेला नाही, ज्यांच्या शेताला त्याचा उपयोग नाही आणि ज्यांनी ते केवळ चारचौघांत वजन पडावे म्हणून ठेवले आहे, त्यांना माझी मनापासून विनंती आहे की, सरकारच्या हुकुमाची वाट न पाहता त्यांनी ते जवळच्या ठाण्यात जमा करावे, परवाना परत करावा आणि त्याची पोचपावती घेऊन घरी यावे.